तत्त्वज्ञांच्या घरी पोरगी द्यायची का?

निवृत्त झाल्यापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात : "मॅडम, तुम्ही नेमकं शिकवत काय होता?" मी आणि माझी मुलगी आता अमरावतीला राजापेठेत राहतो. आमच्या गल्लीत शिकवणीवर्गांच्या इतक्या पाट्या आहेत की पाहुण्यांना आमचं घर सापडत नाही. गणित आहे, रसायन आहे, इंग्रजी बोलायला शिकवणारे आहेत, अक्षर सुधारून देणारे आहेत. तत्त्वज्ञानाची पाटी अर्थातच नाही. समोरच्या काकांनी एकदा विचारलं, "म्हणजे हात पाहता काय?" म्हटलं, नाही. "मंग प्रवचन?" तेही नाही. काका जरा विचारात पडले आणि मग गॅसच्या सिलिंडरबद्दल बोलायला लागले.

तर दिवाळीच्या निमित्ताने सांगूनच टाकते. मी अकोल्याच्या एका मुलींच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, नोकरी लागल्यापासून सुटेपर्यंत तिथंच. बी.ए.ला हा विषय मुली आवडीनं घेत असत असा माझा गैरसमज पहिल्या आठवड्यातच दूर झाला. माझा तास सकाळचा असे आणि तो संपला की खेड्यावर जाणारी बस मिळे, हे या विषयाचं मुख्य आकर्षण होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. बसच्या वेळेमुळे का होईना, पोरी वर्गात येत होत्या.

घरची पार्श्वभूमी म्हणाल, तर माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. आम्ही बौद्ध. शिकणं हे आमच्या घरात जेवणाखाण्याइतकंच गृहीत होतं, त्यात मुलगा-मुलगी भेद नव्हता. गंमत अशी की माझ्या पणजीच्या कानावर जे ग्रंथ पडू नयेत अशी एके काळी खबरदारी घेतली जायची, तेच ग्रंथ मी सरकारी पगार घेऊन शिकवले, आणि ते चुकीचे सांगितल्याबद्दल मुलींचे मार्कही कापले. हा अभिमान मी कधी लपवला नाही.

आमच्या अभ्यासक्रमात एक प्रकरण होतं : स्त्रियांच्या शिक्षणाविषयी जुन्या विचारवंतांची मते. मत देणारे जवळजवळ सगळे पुरुष, आणि समोर बाकांवर बसलेल्या सगळ्या पोरी. बाजारात मिळणाऱ्या गाइडमध्ये प्रत्येक विचारवंताचे चार गुण आणि चार दोष छापलेले असत. पोरी ते पाठ करत, पेपरात उतरवत आणि हॉलच्या बाहेर पडता पडता विसरून जात. एका वर्षी मागच्या बाकावरची एक पोरगी कंटाळून म्हणाली, "मॅडम, हा मानूस चांगला का वाईट, थे सांगून द्या नं एकदाचं." माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "असं समज, तुझ्या धाकट्या बहिणीचं स्थळ याच्या घरी चाललंय. द्यायची का पोरगी?"

वर्ग खडबडून जागा झाला. सासर कसं पाहायचं हे वऱ्हाडातल्या पोरींना शिकवावं लागत नाही. लहानपणापासून ओसरीच्या आतून त्या दुसरं ऐकतात काय? सासरा बोलतो कसा, सुनेला माहेरी किती वेळा धाडतो, शब्दाला पक्का आहे की नाही, हे सगळं त्यांनी विचारवंतांना लावायला सुरुवात केली. तेव्हापासून ती आमची पद्धतच झाली. लांबलचक परदेशी नावं मागे पडली आणि नाती आली.

त्यातले एक होते ग्रीक आजोबा. त्यांचं म्हणणं, राखणीच्या कुत्र्यांत आपण नर-मादी पाहत नाही, कुत्री पण राखण करते. मग राज्य राखायचं शिक्षण बायकांनाही तेच द्या. पोरी खूश झाल्या. मग कळलं की आजोबा बायकांना सगळ्या कामांत पुरुषांपेक्षा कमजोरही समजतात, आणि राखणदारांची लेकरं आईपासून वेगळी काढून सगळ्यांची मिळून वाढवायची म्हणतात. लगेच ठराव झाला : शिकायला यांच्याकडे पाठवू, नांदायला नाही. एक होत्या इंग्रज मावशी. स्वतः शाळा चालवून, लिहून पोट भरलेली बाई. ती म्हणायची, डोक्याला कधी कामच दिलं नाही, तर ते कमजोर आहे असं कोणत्या तोंडानं म्हणता? तिच्या घरी पोरगी द्यायला सगळा वर्ग एका पायावर तयार असे. आणि एक होते फ्रेंच मामा. मुलाला मोकळं वाढू द्या, असं सगळ्या जगाला सांगणारा हा माणूस मुलीची पाळी आली की म्हणतो, तिचं सगळं शिक्षण नवऱ्याच्या सोयीनं असावं. त्याला आवडावं, त्याच्या उपयोगी पडावं, त्याचं आयुष्य गोड करावं. मामांचं स्थळ दर वर्षी परत जाई.

आपल्याकडचं उदाहरण म्हणून मी एक जुनं उपनिषद घेत असे. त्यात मनासारखं अपत्य व्हावं म्हणून नवरा-बायकोनं काय शिजवून खावं, ते सांगितलं आहे. दूध घालून भात, दही घालून भात, असे निरनिराळे प्रकार मुलासाठी आहेत. आणि त्यांच्या मधोमध एक वाक्य आहे : आपल्याला विदुषी मुलगी व्हावी असं वाटत असेल, तर तीळ घालून भात शिजवावा आणि दोघांनी तो तुपासोबत खावा. हे सांगितलं की पोरी वहीतून मान वर काढत. पुढे कित्येक शतकांनी एका थोर भाष्यकारांनी खुलासा केला, की विदुषी म्हणजे घरकामात विदुषी, दुसरं काही समजू नये. त्यावर पोरी भडकत. पण भाष्यकार पडले संन्यासी, त्यांना घरच नाही, त्यामुळे पोरगी द्यायची का हा प्रश्न येत नसे आणि ते सुटून जात.

या तीळभातानं एकदा मला चांगलंच अडचणीत आणलं.

प्रतीक्षा नावाची पोरगी शेवटच्या वर्षाला होती. अकोल्याबाहेर पातूरच्या रस्त्याला त्यांचा मळा. वांगी, टमाटर, सांबार म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर, असं पिकवायचं आणि पहाटे बाजारात न्यायचं. घरात आई-वडील, भाऊ, गरोदर वहिनी, त्यांची एक लहान मुलगी, आणि या सगळ्यांवर गोदाआजी. प्रतीक्षा हुशार तर होतीच, पण तिला प्रश्न पडत, ही त्याहून दुर्मिळ गोष्ट. पुढे एम.ए. करायचं असं तिनं मला एकदा जिन्यात, कोणी ऐकत नाही हे पाहून सांगितलं होतं. परीक्षा तोंडावर आली आणि ही वर्गात दिसेनाशी झाली.

मी तिच्या मैत्रिणीला विचारलं. मैत्रीण खाली मान घालून म्हणाली, "तिची आजी येऊ नाई देऊन राहिली, मॅडम. आजी म्हन्ते, थे मॅडम पोरी होयाचं औषध सांगते."

मला आधी हसू आलं आणि मग परीक्षेची तारीख आठवली. आमच्या मुलींची परीक्षा एकदा बुडाली की बुडाली. पुढच्या वर्षी पाहू म्हणतात, आणि पुढच्या वर्षी दारात मांडव असतो. अशा कितीतरी पोरी माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. पहिल्या बाकावर बसून माझ्याशी भांडणारी पोरगी एक दिवस पत्रिका घेऊन यायची, लाजून हसायची, मी तिच्या लग्नात जेवून यायची, आणि संपलं. त्यांची आठवण आली की अजून जेवण गोड लागत नाही. प्रतीक्षाला तसं जाऊ द्यायचं नाही असं ठरवून मी ऑटो केला आणि मळ्यावर गेले.

ओसरीत गोदाआजी पालकाच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं, आडनावही सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आत हाक दिली, "चहा ठेव वं." चहा कशात येतो हे पाहायची माझी सवय एवढी वर्षं होऊनही गेलेली नाही. तो सगळ्यांच्या कपांसारख्याच कपात आला, आणि मी जरा सैल होऊन बसले.

"आजी, प्रतीक्षाला कॉलेजात का पाठवत नाही?"

"काहून धाडू? शिकाले धाडली होती, अन थे काय शिकून आली? नातसुनेले तिळाचा भात खाऊ घातला तिनं! संक्रातीचे तीळ होते घरात. माह्या नातवालेबी खाऊ घातला, वरून तुपाची धार! एक पोरगी हाये पयलीच. आता दुसरी झाली मंजे?"

दारामागे प्रतीक्षा आणि तिची वहिनी उभ्या होत्या. वहिनीनं पदर तोंडाला लावलेला, म्हणजे ती हसत होती. प्रतीक्षानं घरी गंमत म्हणून सांगितलं, वहिनीनं गंमत म्हणून शिजवला, आणि त्या गमतीची किंमत आता प्रतीक्षाची परीक्षा होती.

मी समजावून सांगायला गेले. "अहो आजी, ते औषध नाही. जुन्या ग्रंथात लिहिलंय एवढंच. आणि त्यातसुद्धा दिवस राहण्याच्या आधी खायचं सांगितलंय. वहिनीचं तर पोट दिसतंय."

"मंजे आधी खाल्लं तं होते!"

"तसं नाही हो! मुलासाठीही आहेत की त्यात. वेगवेगळे चार भात सांगितलेत."

ही माझी मोठीच चूक झाली. आजींनी हातातली जुडी खाली ठेवली. "पोरासाठी चार हायेत? अन थे चार सोडून तुमी पोरीले नेमकं हेच शिकोलं?"

"अभ्यासक्रमात तेवढंच आहे, आजी," मी म्हटलं.

आजींनी लुगड्यावरची पानं झटकली. मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "पन मॅडमबाई, खरंच लिवलं हाये का तसं? पोरगी पाहिजे मनून लोकं भात शिजवत होते? मागून घेत होते पोरगी?"

"लिहिलं तर आहे."

"बाप्पा! आमाले कोनं मागतलं? आमी आलो मनून रायलो." त्यांनी जुडी परत उचलली. "म्या तुमचा वर्ग पायतो. काय शिकोता थे मले माह्या डोयानं पाहू द्या. मंग परीक्षेचं सांगतो."

दोन दिवसांनी खरंच आल्या. नऊवारी स्वच्छ धुतलेली, हातात वांग्यांची पिशवी, आणि मागे प्रतीक्षा, चेहरा उतरलेला. आजी पहिल्या बाकावर ऐसपैस बसल्या. त्या दिवशी उजळणी होती आणि पाळी नेमकी फ्रेंच मामांची. दुसरं काही घ्यावं असं क्षणभर मनात आलं, पण म्हटलं, आज लपवलं तर आजी उद्या काय विश्वास ठेवतील? मी नेहमीसारखी सुरुवात केली. मुलीनं शिवण शिकावं, घर सांभाळावं, गोड बोलावं, नवऱ्याच्या मर्जीनं राहावं, असं हे मामा म्हणतात, तर बोला, द्यायची का पोरगी यांच्या घरी?

पोरी "नाही" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात आजी बोलल्या. "देयाची! हा मानूस शहाना हाये. अशे चार मास्तर ठेवा तुमच्या कॉलेजात."

वर्गाचं तोंड पाहण्यासारखं झालं. सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. पण मत कोणीही द्यावं, ते खोडायचं असेल तर दुसरीनं खोडावं, मॅडमनं मधे पडू नये, हा आमचा नियम. तो मी आजींसाठी मोडणार नव्हते, मनातून कितीही वाटलं तरी. मी खडू हातात धरून उभी राहिले.

प्रतीक्षा उठली. वही उघडून बोलू लागली. "आजी, पुढचं आईक. हा मानूस मन्ते, पोरीले लहानपनीच सवय लावाची. थे खेळात रंगली असली नं, तवाच मधातून उठवाचं, दुसऱ्या कामाले लावाचं. अन तिनं कुरकुर कराची नाई. उठ मनलं का उठाचं."

"बरोबरच हाये की," आजी म्हणाल्या. "सवय लागली पाहिजेच. आमाले नाई का..." आणि त्या थांबल्या.

आजी खिडकीकडे पाहत होत्या.

"भुलाबाईत बसलो होतो आमी," त्या बोलायला लागल्या, वर्गाशी की स्वतःशी ते कळेना. "समद्या पोरी. गानं रंगलं होतं. शेजारची पोरगी डबा घिऊन आली होती, खिरापत ओळखाची होती. म्या दोन नावं घेतली, दोनीबी चुकली. तिसरं घ्याले तोंड उघडलं अन मायनं हाक मारली. पाव्हने आले होते मले पाहाले. उठली, लुगडं नेसली, बसली त्याइच्या समोर. थो डबा उघडला तवा म्या तथी नव्हती."

वऱ्हाडातल्या वाचकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे पावसाळ्याच्या शेवटी मुली भुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेल्या डब्यात काय खाऊ आहे ते ओळखतात. ती खिरापत. ओळखता नाही आली तर "हरलो" म्हणायचं, मगच झाकण उघडतं. त्या झाकणासाठीच सगळा जीव अडकलेला असतो.

"काय होतं आजी डब्यात?" मागून एका पोरीनं विचारलं.

"मले काय मालूम! पुढच्या भुलाबाईले म्या सासरी होती. कोनाले इचारू?"

प्रतीक्षानं हळूच विचारलं, "तवा कुरकुर केली होती का तू?"

"नाई केली." आजींनी पदरानं तोंड पुसलं. "कराले पाहिजे होती."

मग त्या एकदम माझ्याकडे वळल्या आणि पिशवी उचलत म्हणाल्या, "मॅडमबाई, या मानसाच्या घरी नाई देयाची पोरगी. लिवून घ्या." वर्गात जो गलका झाला, तो शेजारच्या वर्गातल्या सरांना येऊन थांबवावा लागला. दारापर्यंत गेल्यावर आजी परत फिरल्या. "परीक्षा कदी हाये मन्ता इची? धाडतो. पन थे तिळाचं म्या इसरली नाई हां. पोरगी झाली तं तुमाले येऊन पायतो."

प्रतीक्षानं परीक्षा दिली. पुढे ती अमरावतीला एम.ए.ला आली आणि आता इथंच एका कॉलेजात शिकवते. कधी कधी संध्याकाळी घरी येते, माझ्या मुलीशी आणि माझ्याशी वाद घालते. तिच्या वर्गातही विचारवंतांची स्थळं येतात आणि परत जातात, असं ती सांगते. माझा तो विषय कॉलेजात आता बंद पडायला आलाय, त्याची खंत आहे. पण पद्धत चालू आहे यात मी समाधानी आहे. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन ती आली होती, तेही आठवतं. पण मला सांगायचंय ते त्या आधीचं.

परीक्षा संपून थोडे दिवस झाले होते. ऐन उन्हाळा. सकाळी दार वाजलं. उघडते तर गोदाआजी, मागे प्रतीक्षा. आजींच्या पदराआड काहीतरी होतं. मी मनात म्हटलं, झालं, वहिनी बाळंत झाली आणि आता माझी काही धडगत नाही.

"बसा आजी. पाणी आणते."

"पानी मंग, आदी हे." त्या बसल्या आणि पदराआडून स्टीलचा डबा काढून मांडीवर ठेवला. झाकणावर दोन्ही हात. "ओळखा."

मी प्रतीक्षाकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती.

"पेढे?"

"पोरगी झाली, मॅडमबाई. पेढे कायचे?"

"मग... बर्फी?"

"चुकलं."

"जिलेबी?"

"चुकलं! हरल्या का?"

"हरले," मी म्हटलं.

आजींनी झाकण उघडलं. पांढऱ्याशुभ्र भातात काळे तीळ, आणि वर तूप थिजलेलं.

"घरात समद्याइनं खाल्ला," आजी म्हणाल्या. "नातसुनेनं खाल्ला, नातवानं खाल्ला, म्याबी खाल्ला. मोठीले मांडीवर घिऊन घास भरोला. आदी खावा का मंग, थे तुमचं पुस्तक जानो. आमच्या घरात आजवर पोरी झाल्या, समद्या आल्या मनून रायल्या. हे पयली हाये जे आमी मागून घेतली."

मी चमचे आणते म्हणून आत गेले. चमचे समोरच्याच डब्यात होते, तरी मला बाहेर यायला बराच वेळ लागला.